दवाखान्यातील वाट आणि खिशातील वाटाड्या

(द्वितीय वर्ष कला)

माझी आजी नेहमी म्हणते, “तोंड असलं की माणूस काशीला जाऊन येतंय.” गेल्या उन्हाळ्यात तिच्या दम्याच्या तपासणीसाठी आम्ही दोघी परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. काशीपेक्षाही अवघड प्रवास एका इमारतीच्या आत करावा लागतो, हे मला त्या दिवशी कळून आले. कळंब्याच्या आमच्या घरापासून त्या रुग्णालयाच्या फाटकापर्यंत मोबाईलमधील नकाशाने आम्हांस बिनचूक नेले. कोठे वळायचे, कोणत्या थांब्यावर उतरायचे, किती मिनिटे चालायचे, हे सारे त्याने आधीच सांगितले. परंतु फाटकातून आत पाऊल टाकले आणि पडद्यावरचा तो निळा ठिपका भिंतीतून इकडून तिकडे उड्या मारू लागला.

केसपेपरच्या खिडकीवर आम्हांला सांगण्यात आले, “बारा नंबरला जा.” बारा नंबरच्या खोल्या दोन होत्या. एक जुन्या इमारतीत आणि दुसरी नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. आम्ही आधी चुकीच्या बारा नंबरला गेलो. तेथून परत फिरलो, एक जिना नाहक चढलो आणि तोच पुन्हा उतरलो. आजी प्रत्येक जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभी राहत होती. खऱ्या बारा नंबरपाशी पोहोचलो तेव्हा तपासणीची वेळ संपून दार लागले होते. एक दिवसाची मजुरी, येण्याजाण्याचे भाडे आणि आजीचा दम, एवढे सारे एका चुकलेल्या वळणापायी गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मी मोबाईल बाहेर काढला, तोवर आजी पुढे चालू लागली होती. “त्या तुळशीच्या कट्ट्यापासनं वळायचं, मग पाण्याचा नळ, मग फिनेलचा वास येतोय त्या बोळातनं सरळ,” असे ती म्हणाली. आणि अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीने मला न विचारता, न अडखळता बारा नंबरच्या दारात उभे केले.

त्या दिवसापासून दोन प्रश्न माझ्या मनात घर करून आहेत. हजारो किलोमीटर उंचीवरचे उपग्रह मला फाटकापर्यंत आणू शकतात, मग शेवटच्या दोनशे पावलांत ते मुके का होतात? आणि आजीला जे जमले ते माझ्या हातातील यंत्राला का जमले नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे वाचले व समजले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

रुग्णालयात माणूस का चुकतो?

देवळात, बाजारात किंवा शाळेत आपण सहसा चुकत नाही. रुग्णालयात मात्र शिकलेला माणूसही चुकतो. याचे पहिले कारण असे की, मोठे रुग्णालय एकाच वेळी बांधलेले नसते. ते वाढत जाते. आपल्या कोल्हापूरचे उदाहरण घेऊ. ज्याला लोक ‘थोरला दवाखाना’ किंवा ‘सीपीआर’ म्हणतात, त्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयाची टाऊन हॉलसमोरची जुनी दगडी वास्तू एकोणिसाव्या शतकातील आहे. संस्थानकाळात ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई. आता असा विचार करा, की राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला तो १८९५ साली. आणि रुग्णावर पहिली सीटी स्कॅन तपासणी झाली ती इंग्लंडमध्ये १९७१ साली. म्हणजे जगातील कोणत्याही जुन्या रुग्णालयात हे विभाग मूळ आराखड्यात असणे शक्यच नव्हते. जेथे जागा मिळाली तेथे ते नंतर बसवले गेले. एक इमारत, तिला जोडून दुसरी, दोहोंना सांधणारा बोळ, वर चढवलेला मजला, असा हा विस्तार होतो. एखाद्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या खोल्या काढाव्यात तसेच हे आहे. वाड्यातील माणसाला वाट पाठ असते, पाहुण्याला नसते. आणि रुग्णालयात तर रोज शेकडो पाहुणेच येतात.

दुसरे कारण माणसाच्या मनःस्थितीचे. येथे येणारा माणूस आधीच आजारी, घाबरलेला, उपाशीपोटी किंवा रात्रभर जागलेला असतो. शांत चित्ताने फलक वाचावा अशी त्याची अवस्था नसते.

तिसरे कारण अक्षरांचे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांहून अधिक होती. ही गोष्ट अभिमानाचीच. पण याचाच अर्थ असा की, सात वर्षांवरील पाच माणसांतील जवळजवळ एकाला त्या वेळी फलक वाचता येत नव्हता. आणि वृद्धांची संख्या रुग्णांत अधिक असते, हे ध्यानात घेतले म्हणजे भिंतीवरचा सुंदर फलकही कितीजणांच्या कामाचा, याचा अंदाज येतो.

वाट चुकण्याची किंमत केवळ रुग्णच मोजतो असे नाही. अमेरिकेतील अटलांटा शहरी एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात क्रेग झिमरिंग या संशोधकाने याचा हिशेब मांडला. १९९० सालच्या त्या अभ्यासात असे दिसून आले की, लोकांच्या वाट चुकण्यामुळे रुग्णालयाला वर्षाकाठी २,२०,००० डॉलरांहून अधिक भुर्दंड पडत होता. आणि वाट सांगणे हे ज्यांचे काम नव्हे अशा कर्मचाऱ्यांचे ४,५०० हून अधिक तास वाट सांगण्यात जात होते. दर दोन मिनिटांनी “एक्स-रे कुठं हाय?” या प्रश्नाला उत्तर देणारी सिस्टर आपल्याला चिडलेली दिसते, पण तिचे मूळ काम ती कधी करणार, हा प्रश्नही आपण करावयास हवा.

मेंदूतील नकाशा

माणूस वाट कशी लक्षात ठेवतो, याचा शोध शास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळातच घेतला. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओ’कीफ यांना उंदराच्या मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ नावाच्या भागात अशा पेशी आढळल्या, की ज्या उंदीर एका ठराविक जागी आला म्हणजेच उद्दीपित होतात. या जणू ‘मी येथे आहे’ असे सांगणाऱ्या पेशी. पुढे २००५ साली नॉर्वेतील त्रोन्हाइम शहरी मे-ब्रिट मोसर व एडवर्ड मोसर या दांपत्याला दुसऱ्या प्रकारच्या पेशी सापडल्या. आलेखाच्या कागदावर चौकटी असाव्यात तशी या पेशी जागेची आखणी करतात. फक्त येथील आखणी षट्कोनी असते. या शोधांसाठी तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शास्त्रज्ञांच्या आधी नगररचनाकार केव्हिन लिंच याने १९६० साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ या ग्रंथात हीच गोष्ट निराळ्या रीतीने मांडली होती. माणूस शहर लक्षात ठेवतो ते पाच गोष्टींच्या आधारे: वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा. कोल्हापूरकरास हे सांगायला नको. बाहेरच्या माणसाला आपण पत्ता सांगतो तो “बिंदू चौकातनं सरळ, मग रंकाळ्याच्या अंगाला” असाच. कोणीही “ईशान्येस तीनशे मीटर” म्हणत नाही. आजीचा तुळशीचा कट्टा, नळ आणि फिनेलचा वास या लिंचच्या खुणाच होत. शाळेत न गेलेल्या माणसाजवळही हे ज्ञान असते. फलक लिहिणाऱ्यांनी मात्र त्याची दखल क्वचितच घेतलेली दिसते.

उपग्रह दारापर्यंतच का?

आता यंत्राकडे वळू. ज्याला आपण जीपीएस म्हणतो, त्या अमेरिकी व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. चोवीस उपग्रहांची ही व्यवस्था १९९५ साली पूर्णत्वास गेली. भारतानेही २०१३ पासून आपले उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला आणि २०१६ साली त्या व्यवस्थेला ‘नाविक’ हे नाव मिळाले.

यामागील तत्त्व अवघड नाही. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून वीज किती दूर पडली हे आपण ताडतो, तद्वत् उपग्रहाचा संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून आपला मोबाईल त्याचे अंतर काढतो. तीन उपग्रहांची अंतरे कळली की आपली जागा ठरते. चौथा उपग्रह लागतो तो मोबाईलच्या घड्याळातील चूक काढून टाकण्यासाठी. कारण हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने येतो, आणि घड्याळ सेकंदाच्या केवळ दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते.

पण इतक्या दुरून येणारा संदेश अतिशय क्षीण असतो. दगडी भिंत किंवा सिमेंटचा स्लॅब त्याला अडवतो. जो थोडा आत शिरतो तो भिंतींवर आपटून वळसा घेत येतो, आणि वळशामुळे अंतर खोटे भरते. माझ्या पडद्यावरचा ठिपका उड्या मारीत होता तो याच कारणाने. शिवाय उघड्यावरही साध्या मोबाईलला सुमारे पाच मीटरची चूक होतेच. रस्त्यावर पाच मीटर म्हणजे काहीच नव्हे. परंतु रुग्णालयात पाच मीटर म्हणजे भिंतीपलीकडचा दुसराच विभाग! आणि सर्वांत मोठी अडचण मजल्याची. सपाट नकाशावर तळमजल्याचा बारा नंबर आणि वरच्या मजल्याची खोली एकाच ठिपक्यावर येतात.

छपराखालचे उपाय

म्हणून इमारतीच्या आत निराळे मार्ग शोधण्यात आले. त्यांतील मुख्य असे:

पहिला, वाय-फायचा. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या परमवीर बहल व वेंकट पद्मनाभन या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी ‘रडार’ नावाची पद्धत मांडली. इमारतीत ठिकठिकाणी वाय-फायची यंत्रे असतातच. प्रत्येक जागी कोणत्या यंत्राचा जोर किती, याची आधी नोंद करून ठेवावयाची. नंतर माणूस कोठे आहे हे त्या नोंदीशी ताडून पाहावयाचे. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा, तशी लहरींच्या ठशावरून जागा ओळखण्याची ही रीत आहे. यापुढची पायरी म्हणजे लहर जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजणे. २०१८ पासून अँड्रॉईड मोबाईलमध्ये ही सोय येऊ लागली आणि तिने एक-दोन मीटरपर्यंत अचूकता साधते.

दुसरा, ब्लूटूथच्या दीपस्तंभांचा. ‘बीकन’ म्हणजे दीपस्तंभ. काड्यापेटीएवढे हे यंत्र भिंतीला चिकटवतात; ते दर क्षणी “मी अमुक नंबरचा” एवढेच सांगत राहते. लहानशा बॅटरीवर ते बराच काळ चालते. ॲपल कंपनीने २०१३ साली ‘आयबीकन’ आणल्यावर याचा प्रसार झाला.

तिसरा, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. इमारतीतील लोखंडामुळे होकायंत्राची सुई जागोजागी थोडी थोडी ढळते. या ढळण्याचाच नकाशा करावा, ही कल्पना फिनलंडमधील औलू विद्यापीठातील संशोधनातून पुढे आली व २०१२ साली तिच्यावर ‘इंडोअरॲटलस’ ही कंपनी उभी राहिली.

चौथा, मोबाईलच्या अंगच्या ज्ञानेंद्रियांचा. पावलांचे हिसके मोजून, वळण ओळखून तो अंदाज बांधतो. काही मोबाईलमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय असते. आपण एक मीटर वर गेलो की हवेचा दाब सुमारे बारा पास्कलने कमी होतो. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मजला बदलल्याचे यंत्रास उमगते.

जागा कळली तरी वाट काढावी लागतेच. त्यासाठीची युक्ती एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ साली शोधली व १९५९ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक दार व वळण म्हणजे एक बिंदू, प्रत्येक बोळ म्हणजे एक रेघ, आणि प्रत्येक रेघेला तिच्या लांबीची ‘किंमत’. सर्वांत कमी किमतीची वाट कोणती, ते हे गणित सांगते. मला यात सर्वांत आवडले ते असे की, किंमत आपण ठरवू शकतो. धडधाकट माणसाला जिना म्हणजे वीस पावले. माझ्या आजीला मात्र तो दोनशे पावलांबरोबर. चाकाच्या खुर्चीतील माणसासाठी जिन्याची रेघच पुसून टाकता येते. म्हणजे एकाच इमारतीत प्रत्येकाची जवळची वाट निराळी असते, हे या गणिताला समजते.

या सर्व उपायांना रुग्णालयात खास अडचणीही येतात. वाय-फाय व ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेते, आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असते. म्हणून पहाटे मोकळ्या बोळात केलेली नोंद सकाळी अकराच्या गर्दीत चुकू लागते. क्ष-किरण विभागाच्या भिंतींत शिसे असते. तेथे लहरी थबकतात. बीकनची बॅटरी संपते. आणि विभाग एका खोलीतून दुसरीकडे हलला व नकाशात ती नोंद झाली नाही, तर यंत्र आत्मविश्वासाने चुकीच्या दारात नेऊन उभे करते.

बाहेर काय घडले?

अमेरिकेतील बोस्टनच्या बालरुग्णालयाने २०१२ सालीच ‘मायवे’ नावाचे ॲप पालकांच्या हाती दिले. नॉर्वेत त्रोन्हाइमच्या विद्यापीठाने २०११ साली विद्यार्थ्यांना वर्ग सापडावेत म्हणून इमारतींच्या आतील नकाशा केला. त्यातून ‘मेझमॅप’ ही कंपनी निघाली आणि त्याच शहरातील सेंट ओलाव रुग्णालयासही तो नकाशा उपयोगी पडला. मेंदूतील नकाशाच्या पेशी ज्या शहरात सापडल्या त्याच शहरात हे घडावे, हा योगायोग मोठा सुंदर आहे. विशेष म्हणजे त्याचा आरंभ विद्यार्थ्यांच्या अडचणीतून झाला.

जपानच्या चिएको असाकावा यांचे कार्य मला सर्वांत मोलाचे वाटते. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुढे आयबीएम कंपनीत त्या संगणकशास्त्रज्ञ झाल्या आणि २०१५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने त्यांनी ‘नॅव्हकॉग’ ही योजना पुढे आणली. ब्लूटूथच्या बीकनच्या आधारे हे ॲप अंध माणसाच्या कानात सांगते, किती पावलांवर वळायचे, समोर दार आहे की जिना. ज्याला स्वतःला वाट दिसत नाही, त्यानेच उत्तम वाटाड्या घडवावा, यात नवल नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

हे सारे वाचून “आपल्याकडेही असे ॲप हवे” असे म्हणणे सोपे आहे. माझे मत थोडे निराळे झाले आहे. माझ्या आजीजवळ साधा बटणांचा मोबाईल आहे. ज्यांच्याजवळ चांगला मोबाईल आहे त्यांनीही नातेवाईक स्ट्रेचरवर असताना ॲप उतरवून, पासवर्ड घालून मग वाट शोधावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणून महागड्या यंत्रणेपूर्वी तीन साध्या गोष्टी व्हाव्यात असे वाटते.

पहिली, क्रमांकांची शिस्त. एका आवारात एकच बारा नंबर असावा. खोलीच्या क्रमांकात इमारत व मजला दोन्ही यावेत. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांत एकसारख्या व सहज समजणाऱ्या दिशाफलकांचा आग्रह आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता हा हक्क ठरवला आहे. तेव्हा ही उपकाराची गोष्ट नव्हे. ज्या इमारतीचे क्रमांकच गोंधळाचे, तिचा संगणकीय नकाशाही गोंधळाचाच होणार.

दुसरी, क्यूआर चौकोनाचा उपयोग. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघालेला हा चौकोन आज आपल्या बाजारात भाजीच्या पाटीवरही दिसतो. सरकारी रुग्णालयांतही तो आलेला आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून, दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयापासून सुरुवात होऊन, चौकोन टिपून केसपेपरची नोंदणी करण्याची सोय झाली. मग तोच चौकोन प्रत्येक वळणावर का नसावा? तो जेथे चिकटवला तेथेच असतो. त्यामुळे उपग्रह, वाय-फाय, बॅटरी यांपैकी कशाचीही गरज न लागता ‘तुम्ही येथे आहात’ हे त्याला निश्चित सांगता येते. टिपल्याबरोबर मराठीत, आणि सीमाभागातील रुग्णांसाठी कन्नडमध्ये, आवाजी वाट ऐकू यावी. यात आणखी एक लाभ आहे. सतत माग काढणाऱ्या ॲपला कोण कोणत्या विभागात गेले हे कळते, आणि विभागावरून आजार कळतो. क्षयाच्या किंवा मानसिक आजाराच्या विभागात कोण गेले, ही नोंद कोणाच्या हाती पडावी? २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे खरा. परंतु मुळात जी माहिती गोळाच केली नाही, ती फुटण्याचे भय नसते.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि येथे आपण कला शाखेचे विद्यार्थी पुढे व्हावे असे मला वाटते. फलकावर ‘अस्थिरोग विभाग’ असे असते. लोक ‘हाडाचा डॉक्टर’ विचारतात. ‘क्ष-किरण विभाग’ असे लिहिलेले असते. म्हातारी माणसे ‘फोटू काढायची खोली’ म्हणतात. ‘बाह्यरुग्ण’ हा शब्द तर घराघरांत कोणीच उच्चारत नाही. सगळे ‘ओपीडी’च म्हणतात. यंत्राला केवळ फलकावरचा शब्द माहीत असेल, तर लोकांच्या तोंडचा शब्द ऐकून ते गप्प बसेल. करवीर, राधानगरी, गगनबावडा, चंदगड येथून येणारा माणूस कोणत्या विभागाला काय म्हणतो, तो कोणत्या खुणेने वाट सांगतो, याची यादी गणिताचा माणूस करू शकणार नाही. ते काम भाषेचे आहे. पावलांचा हिशेब डाइक्स्ट्राचे गणित करील; पण “डावीकडे चाळीस मीटर” याऐवजी “नळापासून डावीकडे वळा” हे वाक्य माणसालाच लिहावे लागेल.

समारोप

आपल्या कळंब्यापासून जवळच शेंडा पार्क येथे ११०० खाटांच्या नव्या रुग्णालयाची योजना शासनाने हाती घेतली आहे. जुन्या वाड्यात वाट शोधणे कठीण असते, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला असतो. नव्या इमारतीस ती सबब नाही. भिंती पूर्ण होण्याआधी क्रमांक, खुणा, रंग आणि शब्द यांचा विचार झाला, तर पुढे कोणास नाहक जिना चढावा लागणार नाही. आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी या वर्षीच्या शिबिरात लोकांच्या तोंडच्या शब्दांची अशी यादी करावी, आणि प्राध्यापकांनी ती संबंधितांपर्यंत पोहोचवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. त्याला पैसा लागत नाही. एक वही आणि ऐकणारे कान पुरेत.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आजीला वाचून दाखवला. उपग्रहांची गोष्ट तिने लक्षपूर्वक ऐकली. शेवटी म्हणाली, “एवढ्या वरनं बघणाऱ्याला आतलं कसं दिसंल? आतलं आत असणाऱ्यानंच सांगाया पायजे.” मग थोडे थांबून तिने विचारले, “त्या दिवशी बाकड्यावर बसलेली ती चंदगडाकडची बाई, तिला घावली का गं बारा नंबरची खोली?”

त्या बाईंना मीही पाहिले होते. हातात केसपेपर घेऊन त्या फलकाकडे नुसत्या बघत होत्या. आम्ही घाईत होतो. त्यांना विचारावे असे मला सुचले नाही. आजीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.